कडक मावशीची उभी गाडी

"चालत नाही असं कोण म्हणतं? उभी आहे ती. उभं राहणं वेगळं आणि न चालणं वेगळं. तुम्ही मघापासून इथं उभे आहात साहेब, म्हणून तुम्हाला कुणी भंगारात काढलं का?"

एवढं बोलून कडक मावशीनं इस्त्री उचलली आणि बॉनेटवर पसरलेल्या ओलसर पँटीवर अशी दाबली, की वाफेचा फुस्कारा थेट साहेबाच्या चष्म्यावर गेला.

गाडीतपासणीचा हा साहेब नवीन होता. अंगात शर्ट होता, पण रात्रभर उशाला घेऊन झोपल्यासारखा. कॉलरचं एक टोक वर, एक खाली. मावशीची नजर आधी त्या कॉलरवर गेली होती, माणसावर नंतर. साहेबानं चष्मा पुसला आणि खाली बोट दाखवलं.

"अहो मावशी, चाकातनं गवत उगवलंय."

"ते मुद्दाम ठेवलंय. चाकाला गारवा राहतो."

"आणि मागच्या काचेतून ती मांजर बघतीये."

"ती गाडीचीच आहे. ती आहे म्हणून एक उंदीर शिवत नाही गाडीला."

साहेबानं एक सुस्कारा सोडला. वाद घालणारी माणसं त्यानं पुष्कळ पाहिली होती, पण हातात तापलेली इस्त्री घेऊन वाद घालणारं माणूस पहिल्यांदाच बघत होता. तो जरा अंतर राखून म्हणाला, "हे बघा, रस्त्यावर टेबल मांडून धंदा करायला बंदी आहे."

"टेबल कुठाय? दाखवा मला टेबल. ही गाडी आहे. रस्त्याच्या कडेला गाडी लावायला बंदी आहे का?"

"चालणाऱ्या गाडीला नाही. न चालणारी गाडी म्हणजे भंगार, आणि भंगार क्रेन उचलून नेते." साहेबानं खिशातून खडू काढला आणि पुढच्या चाकावर मोठी फुली मारली. "सोमवारी सकाळी गाडी तपासणीच्या मैदानावर आणा. तिच्या स्वतःच्या चाकांवर. दिवे, हॉर्न, ब्रेक बघणार. एक फेरी मारून दाखवायची. खाली एक थेंब गळता कामा नये. पास झाली तर आणा परत आणि लावा इथंच, मी काही बोलणार नाही. नाही आली, तर मंगळवारी क्रेन येईल."

तो गेला. मावशीनं पँटीची घडी घातली, ओढणीच्या टोकानं चाकावरची फुली पुसली. फुली पुसून भागणार नव्हतं, हे तिलाही कळत होतं.

कडक मावशी हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. पण गल्लीत दुसऱ्या नावानं तिला कुणी ओळखत नसे. तिनं खळ घालून इस्त्री केलेला शर्ट खुंटीला टांगावा लागत नसे, कोपऱ्यात नुसता ठेवला तरी उभा राहायचा. आणि तिच्या तोंडचा शब्द लागला, तर माणूसही तसाच ताठ होऊन जागच्या जागी उभा राहायचा. अंगानं बुटकी. टेबलावर इस्त्री करायची तर तिचे खांदे कानाला लागत. एकदा लेकीनं हौसेनं टेबल आणून दिलं होतं, ते आता घरात मडकी ठेवायला आहे. गाडीचं बॉनेट मात्र तिच्या बरोबर कमरेला यायचं. वर जाड घोंगडं, त्यावर जुनी चादर. पुढच्या बाजूला उतार, त्यामुळं पँटीचा पाय आपोआप सरळ घरंगळायचा. भिंतीवरून पलीकडच्या आवारातलं झाड वाकलेलं, त्याची सावली सकाळपासून संध्याकाळपर्यंत बॉनेटवर. अशी जागा राजाला मिळायची नाही.

आणि नुसतं बॉनेटच नव्हे. अख्खी गाडी म्हणजे मावशीचं कपाट. मागच्या सीटवर डावीकडं डॉक्टरीणबाईंचे पांढरे डगले, उजवीकडं वकिलाचं सगळं काळंपांढरं. स्टिअरिंगला हँगर लटकवलेले. गिअरच्या दांड्यावर गिऱ्हाइकांचे टाय. पुढच्या खणात सापडलेली बटणं. डिकीत कोळसे. कुणी विचारलं, "मावशी, माझा निळा शर्ट झाला का?" तर मावशी मान वर न करता सांगायची, "ब्रेकपाशी आहे, घ्या." आणि गिऱ्हाईक दार उघडून ब्रेकपाशी वाकायचं. सगळ्या गल्लीला गाडीचे भाग ठाऊक होते, ते असे.

गाडी आली कुठून? तर मावशीच्या नवऱ्याकडून. त्याला सगळे डायवर म्हणत. सारी हयात त्यानं एकाच शेठची गाडी चालवली. शेठनं नवीन गाडी घेतली, तेव्हा जुनीची किल्ली डायवरच्या हातात ठेवली. डायवर ती ऐटीत घेऊन गल्लीत आला, झाडाच्या सावलीत भिंतीला समांतर लावली, गल्ली बघतेय याची खात्री करून इंजिन बंद केलं आणि किल्ली बोटावर फिरवत घरात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सुरू झाली नाही. डायवरनं बॉनेट उघडलं, आत बघितलं, बॉनेट लावलं आणि म्हणाला, "काही नाही. नुसती बॅटरी उतरलीय."

त्याच दुपारी मावशीनं त्या बंद बॉनेटवर पहिला शर्ट टाकला. तेव्हा त्यांच्या लेकीला स्वतःची वेणी घालता येत नव्हती. आता ती आपल्या पोरीची वेणी घालताना तिला धपाटे घालते. मधल्या काळात ते बॉनेट परत उघडलं गेलं नाही. आणि कुणी विचारलं, की डायवर अजूनही तेच सांगायचा, "गाडी एक नंबर आहे. नुसती बॅटरी."

साहेब गेल्यावर मावशीनं घराच्या दाराकडं तोंड करून हाक मारली.

"अहो डायवर! बाहेर या. तुमच्या बॅटरीला न्यायला क्रेन येतीये."

गल्लीच्या टोकाला एका मिस्त्रीचं गॅरेज होतं. त्याला सगळे दोनमिनिट म्हणत, कारण कसलंही काम असो, "दोन मिनिटाचं काम आहे" म्हणून तो हात घालायचा आणि मग आठवडाभर दिसायचा नाही. पण हात चांगला होता. तो आला, गाडीभोवती एक चक्कर मारली, चाकाला लाथ मारून बघितली. चाकानं हूं का चूं केलं नाही.

"दोन मिनिटाचं काम आहे," तो म्हणाला. "मावशी, बॉनेट उघडायचंय."

"कशाला?"

"इंजिन तिथं असतं."

"असेल. मी कधी बघितलं नाही. डॉक्टरीणबाईंचे डगले दुपारी द्यायचेत. तू खालून जा."

दोनमिनिट खालून गेला. अर्ध्या तासानं गवत, कोळी आणि एक मोजा घेऊन बाहेर आला. म्हणाला, "खालून होत नाही मावशी. माणसाचं पोट तपासायचं तर पायाच्या तळव्यातनं कसं तपासणार?"

शेवटी तोडगा निघाला. मावशीची इस्त्री कोळशाची. कोळसे विझत आले, की ती इस्त्री घेऊन मागं डिकीपाशी जायची, नवे कोळसे भरायची, फुंकर घालून पेटवायची. तेवढ्या वेळात बॉनेट मिस्त्रीचं. इस्त्री लाल झाली, की बॉनेट मावशीचं.

"दोन मिनिटं लागतात कोळशाला," मावशी म्हणाली. "तूच म्हणतोस ना सारखं? घे."

मग सुरू झाला खेळ. मावशी कोळशाला गेली, की दोनमिनिट घोंगडं गुंडाळून डायवरच्या हातात द्यायचा, बॉनेट वर करायचा आणि कमरेपर्यंत आत घुसायचा. "आली!" अशी डायवरनं आरोळी ठोकली, की बाहेर यायचा, बॉनेट धाडकन खाली, घोंगडं वर, चादर वर, आणि मावशी इस्त्री फिरवायला हजर. कधी पाना आत राहायचा, कधी टोपी. एकदा दोनमिनिटाला बाहेर यायला उशीर झाला, तर मावशीनं त्याच्या पाठीवरच घोंगडं पसरलं. "हलू नकोस," म्हणाली, "बाही राहिलीय एक."

पहिल्यांदा बॉनेट उघडलं, तेव्हा तिघांनी आत वाकून बघितलं. इंजिनाच्या डोक्यावर हवा गाळायचा डबा असतो. त्यात उंदरांनी घरटं केलं होतं. साधंसुधं नव्हे, पिढ्यान्‌पिढ्या नांदलेलं. मांजर मागच्या काचेत बसली होती, तिनं तोंड फिरवलं.

"एक उंदीर शिवत नाही म्हणे," डायवर पुटपुटला.

"तुम्ही बॅटरीचं बोला," मावशी म्हणाली.

दोनमिनिटानं घरटं उलगडलं. आत काय नव्हतं! डॉक्टरीणबाईंच्या डगल्याचा पट्टा. कुणाचा तरी नक्षीदार रुमाल. अर्धा टाय. आणि सगळ्यात तळाशी, जवळजवळ शाबूत, वकिलाची पांढरी गळपट्टी. या गळपट्टीवरून मावशी आणि वकील यांच्यात मागं मोठी लढाई झाली होती. तुम्ही ती मला दिलीच नाही, असं मावशीनं भर गल्लीत छातीवर हात मारून सांगितलं होतं. कोर्टात जिंकणाऱ्या त्या वकिलानं इथं हार मानून नवी गळपट्टी घेतली होती.

मावशीनं ती उचलली, धुतली, दुहेरी खळ घातली, इस्त्री केली आणि संध्याकाळी वकील आल्यावर त्याच्या हातात ठेवली.

"सापडली बरं का. तुमच्याच कोटाच्या खिशात होती. नीट बघत जा जरा."

वकील बिचारा "माफ करा मावशी" म्हणून गेला.

बाकीची गाडी घरट्याहून बरी नव्हती. टाकीतल्या पेट्रोलचं काय झालं होतं देव जाणे. दोनमिनिटानं ते बादलीत काढलं, तर जुन्या पॉलिशसारखा तपकिरी चिकट रस्सा निघाला. वायरी कुरतडलेल्या. रबरी नळ्या बोटानं दाबल्या की बिस्किटासारख्या मोडायच्या. ब्रेक तर चाकाच्या ड्रमला असे चिकटून बसलेले, की हातोड्यानं बडवून बडवून सोडवावे लागले, आणि दर घावाला गाडीतले टाय गिअरवरून खाली पडायचे. दोनमिनिटानं प्लग काढले, भोकांतून चमचाभर चमचाभर तेल आत सोडलं आणि एक दिवस तसंच मुरू दिलं. दुसऱ्या दिवशी पाना लावून, पाय भिंतीला टेकवून इंजिन हातानं फिरवलं. आधी काही हललं नाही. मग आतून एक आवाज आला, दुपारी झोपमोड झालेल्या म्हाताऱ्यासारखा, आणि इंजिन कणभर सरकलं.

"सुटलं!" दोनमिनिट ओरडला.

"मी काय म्हणत होतो?" डायवर म्हणाला. "इंजिन एक नंबर आहे."

नव्या नळ्या आल्या. वायरी आल्या. चार जुनीच पण धड चाकं गॅरेजातून आली. कार्ब्युरेटर खोलून, उकळून, पुसून परत बसला. टाकी धुऊन ताजं पेट्रोल भरलं. आणि सगळ्यात शेवटी, शनिवारी दुपारी, नवी बॅटरी बसली. डायवरनं किल्ली फिरवली. गाडी एकदा खोकली, दोनदा शिंकली, आणि गल्लीतली कबुतरं उडवत सुरू झाली.

डायवर खाली उतरला. जमलेल्या लोकांकडं वळला. दोन्ही हात पसरले.

"बघितलंत? इतकी वर्षं सांगतोय. नुसती बॅटरी होती."

दोनमिनिटानं हातातला पाना खाली ठेवला. तो हातात राहिला तर काहीतरी करून बसेन, अशी त्याला भीती वाटली असावी.

एवढ्यात मावशीची किंकाळी आली. गाडीच्या मागच्या नळीतून इतक्या वर्षांचा साठलेला काळा धूर एका दमात बाहेर पडला होता, आणि मागं दोरीवर डॉक्टरीणबाईंचे पांढरे डगले वाळत होते. सगळ्या डगल्यांवर धुराचे ठिपके. उरलेली दुपार मावशी डगले घासत होती आणि डायवर, ब्रेक नीट लागतात की नाही ते बघण्याच्या निमित्तानं, गाडीतून उतरत नव्हता.

आता एकच गोष्ट राहिली होती, आणि तीच जीव खात होती. रेडिएटर गळत होता. इंजिन गार ठेवणारं पाणी त्याच्यात असतं, आणि त्याच्या जाळीला कुठंतरी तडा गेलेला. वरून पाणी ओता, की खाली टप, टप, टप. दोनमिनिट त्याला डाग द्यायला, म्हणजे कथील वितळवून तडा बुजवायला, घेऊन जाणार होता, पण डाग देणारा कारागीर मेहुण्याच्या लग्नाला गेला होता, तो मंगळवारशिवाय येणार नव्हता.

"क्रेन आणि तो एकाच दिवशी येणार म्हणजे," मावशी म्हणाली.

रविवारी ती फारशी बोलली नाही. ही गोष्ट गल्लीच्या ध्यानात आली. संध्याकाळी ती घरातल्या त्या टेबलापाशी गेली, मडकी बाजूला केली, आणि हातात थंड इस्त्री घेऊन वर खाली करून बघितली. खांदे कानाला लागले. तिनं मडकी परत मांडली.

डायवर दारातून बघत होता. त्यानं पेटीतून आपली जुनी टोपी काढली आणि बूट पुसायला घेतले.

सोमवारी सकाळी दोनमिनिटानं मसलत सांगितली. "निघताना रेडिएटर काठोकाठ भरायचा. सरळ मैदान गाठायचं, कुठं थांबायचं नाही. फेरी मारायची आणि साहेब खाली वाकायच्या आत निघायचं. मी मागनं स्कूटरवर येतो. थेंब पडलाच, तर मी त्यावर पाय ठेवून उभा राहीन."

डायवर टोपी घालून बॉनेटपाशी आला. भिंतीपाशी मावशीचे कॅन ठेवलेले असत. एका कॅनमध्ये शिंपडायचं पाणी, दुसऱ्यात पहाटे शिजवून पातळ केलेली खळ. दोन्ही कॅन पांढरे, दोन्ही सारखे. मावशीला ते अंधारातही ओळखू यायचे, डायवरला उजेडातही नाही. आणि मावशी त्या वेळी वकिलाशी बोलण्यात गुंतली होती. वकील वर काळा कोट, पांढरी गळपट्टी आणि खाली पट्ट्यापट्ट्याचा पायजमा अशा वेषात धावत आला होता.

"मावशी, माझी पँट! मला निघायचंय! पँट कुठाय?"

"क्लचपाशी आहे. नाही, तिथं डायवर बसणार म्हणून काल काढली... मागं असेल, नाहीतर खाली."

"खाली कुठं?"

"आता शोधायला वेळ नाही. बसा आत. वाटेत सापडेल."

इकडं डायवरनं अख्खा कॅन रेडिएटरमध्ये ओतला. पाणी जरा सावकाश जातंय असं त्याला वाटलं, पण मनात म्हणाला, जुनी गाडी आहे, घसा अरुंद झाला असेल. त्यानं झाकण फिरवून घट्ट लावलं.

वकील पुढं बसला. डायवर स्टिअरिंगवर बसला. इंजिन सुरू झालं. गाडी हलेना.

"आता काय झालं?" मावशीनं खिडकीत डोकं घातलं.

डायवरचे दोन्ही हात चाकावर होते, नजर समोर. "मागं कोणी बसलेलं नाही."

"मग?"

"अगं, मागं मालक बसल्याशिवाय मी कधी गाडी हलवली नाही. ही मोकळी आणली तेवढी एकदाच, तर दुसऱ्या दिवशी सुरूच झाली नाही. पाय उचलतच नाही क्लचवरून. हयात गेली तशी. तू बस."

"मला कपडे आहेत करायचे!"

"मग क्रेन येऊ दे."

मावशी पुटपुटत मागं बसली. एका बाजूला डगल्यांचा ढीग, दुसऱ्या बाजूला मांजर. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. तिनं दार ओढून घेतलं, त्या आवाजासरशी डायवरचा पाय आपोआप उचलला गेला, आणि गाडी त्या भिंतीपासून, गवतापासून, सावलीपासून सुटी होऊन चालू लागली. जिथं उभी होती तिथं जमिनीवर गाडीच्या आकाराचा स्वच्छ चौकोन उरला.

पहिल्या वळणावर डायवर मागं न बघता म्हणाला, "डावीकडं घेऊ ना शेठ?"

"शेठ कोण?"

"सवय आहे."

मावशीनं बाहेर बघितलं. लोक बघत होते. फळवाला हातातली टोपली तशीच धरून उभा राहिला. तिनं ओढणी सारखी केली, पाठ सीटला टेकली.

"घ्या डावीकडं," ती म्हणाली. "सावकाश घ्या."

पुढच्या वळणावर तिनंच सांगितलं, "जरा त्या इलेक्ट्रिक इस्त्रीवालीच्या दुकानावरून घ्या."

"ते वाटेवर नाही. मिस्त्रीनं सांगितलंय, सरळ..."

"डायवर, शेठनं सांगितलं की वाटेवर असो नसो, घ्यायची गाडी."

डायवरनं घेतली. इलेक्ट्रिक इस्त्रीवाली दारातच होती. मावशीनं काच खाली केली, हात बाहेर काढला, आणि काही न बोलता नुसता हलवला. मग स्वतःच्या बहिणीच्या दारावरून. मग ज्या चपलेच्या दुकानदारानं एकदा "तुमची गाडी म्हणजे खुराडं" म्हटलं होतं, त्याच्या समोरून दोनदा. वकील पुढच्या सीटवर वाकून पँट शोधत होता आणि प्रत्येक वेळी डोकं वर काढून विचारत होता, "आलं का मैदान?" मागं स्कूटरवर दोनमिनिट हातवारे करून दमला. पण त्याला एक गोष्ट कळत नव्हती. एवढं फिरून गाडीखालून एकही थेंब पडत नव्हता. तो खाली वाकून वाकून बघत होता आणि एकदा त्या नादात खांबावर जाता जाता वाचला.

मैदानावर साहेब उन्हात उभा होता. शर्ट तोच, कॉलर तशीच. गाडी स्वतःच्या चाकांवर आत येताना बघून त्याचं तोंड जरा उघडं राहिलं. त्याची नजर पुढच्या सीटवरच्या काळ्या कोटावर गेली.

"हे कोण?"

"आमचे वकील," मावशी म्हणाली.

साहेब सावरून उभा राहिला. वकिलानं खिडकीतून गंभीरपणे मान हलवली. तो खाली उतरला नाही. उतरण्यासारखी त्याची परिस्थिती नव्हती.

दिवे लागले. ब्रेक लागले, इतके जोरात लागले की मांजर पुढच्या सीटवर आली. हॉर्न दाबला तो वाजला, पण थांबेना; दोनमिनिटानं खाली हात घालून वायर उपटली, तेव्हा गप्प झाला. डायवरनं फेरी मारली, शेठला घेऊन मारावी तशी, खड्डे चुकवत, हळुवार. गाडी थांबली. साहेब पोटावर पडून गाडीखाली गेला. दोनमिनिटानं डोळे मिटले. मावशीनं डगल्यांच्या ढिगात हात घट्ट रुतवले. त्या घडीला तिच्या डोळ्यांपुढं टेबल आणि मडकी दिसत होती.

"कोरडं आहे," साहेब खालून म्हणाला.

"काय?" दोनमिनिट ओरडला. "कसं काय?"

साहेब उठला, गुडघे झटकले. "तुम्हालाच आश्चर्य का वाटतंय? बॉनेट उघडा."

बॉनेट उघडलं. आत रेडिएटर थरथरत होता. त्याच्यातून ओळखीचा, गोडसर, शिजलेला वास येत होता. मावशीनं नाक वर केलं. तो वास ती रोज पहाटे घेत होती.

"अहो डायवर," ती हळूच म्हणाली, "कोणता कॅन ओतलात?"

उत्तर यायच्या आत साहेबानं वाकून रेडिएटरचं झाकण फिरवलं होतं आणि ते उडालं होतं. नशीब, की गाडी मधल्या वेळात जरा निवली होती. उकळता फवारा नव्हे, कोमट फेस आला, पण आला तो भरभरून. पांढरा, दाट, चिकट. साहेबाच्या छातीवरून, बाह्यांवरून, कॉलरवरून ओघळला आणि तिथंच बसला. मघापासून गळका तडा कुणी बुजवला होता, ते दोनमिनिटाला तेव्हा कळलं. खळीनं जाळीतल्या भेगा लिंपून टाकल्या होत्या.

साहेब तोंड पुसत गरजला, "हे काय आहे?"

"हलू नका!" मावशी त्याच्या दुप्पट गरजली आणि गाडीतून उडी मारून आली. "अजिबात हलू नका! खळ आहे ती! उन्हात वाळायला लागलीय, आता चुण्या पडल्या की तशाच राहतील, मग साक्षात मी आले तरी निघायच्या नाहीत. काढा शर्ट!"

"अहो, मी ड्युटीवर..."

"काढा म्हणते ना!"

ज्या आवाजापुढं वकील हरला होता, त्यापुढं साहेब कुठला टिकतो. त्यानं शर्ट काढला. मावशीनं बॉनेट खाली पाडलं. सगळा प्रवास करून आणि वरून उन्हात बॉनेटचा पत्रा चांगला तापलेला होता. तिनं त्यावर शर्ट पसरला, तळहातांनी ओढला, बाह्या सरळ केल्या, कॉलरची दोन्ही टोकं बोटांत धरून पत्र्यावर दाबली. शर्ट चरचरला. साहेब बनियनवर, दोन्ही हात छातीशी घेऊन उन्हात उभा. मैदानावर रांगेत थांबलेल्या दुसऱ्या गाड्यांतली माणसं माना बाहेर काढून बघू लागली.

"मावशी, ही लाच होते," साहेब दबक्या आवाजात म्हणाला.

"लाच नाही, नुकसानभरपाई," वकील खिडकीतून म्हणाला. "नियमात दिवे आहेत, हॉर्न आहे, ब्रेक आहे, थेंब आहे. रेडिएटरमध्ये काय भरावं, याबद्दल नियमात काही म्हटलेलं नाही."

साहेबानं विचार केला. खरोखर म्हटलेलं नव्हतं. थेंबही पडला नव्हता. जे काही गेलं होतं ते वरून गेलं होतं.

मावशीनं शर्ट झटकला आणि त्याच्या अंगावर चढवला. कॉलर अशी ताठ बसली की साहेबाला मान वळवायची तर सगळं अंग वळवावं लागलं. त्यानं गाडीच्या काचेत स्वतःला बघितलं. बराच वेळ बघितलं.

"पास," तो म्हणाला. आणि मग रुबाबात, सगळं अंग वळवून, पुढच्या गाडीकडं गेला.

रेडिएटरमध्ये या खेपेला मैदानावरच्या नळाचं पाणी भरून गाडी गल्लीकडं परत निघाली. वकिलाला पँट सापडली होती. मांजर तिच्यावर बसली होती. त्याला वाटेत उतरवलं. डायवर शीळ घालत होता. मावशी मागं बसून हिशेब करत होती, डॉक्टरीणबाईंचे डगले आधी, मग शिंपीकाकांचे पडदे, दिवस निम्मा गेला, कोळसे पेटवायचेत.

गाडी गल्लीत वळली आणि डायवरनं ब्रेक मारला.

भिंतीपाशी, झाडाखाली, त्या स्वच्छ चौकोनात, एक दुसरीच गाडी उभी होती. नवी, लाल, लांबलचक. आत कुणी नव्हतं. कुणीतरी रिकामी सावली बघितली आणि लावली, इतकी सोपी गोष्ट. इतक्या वर्षांत ती जागा एकदाच रिकामी झाली होती, आज सकाळी.

डायवरनं टोपी काढली. "आता?"

मावशी खाली उतरली. आपल्या गाडीचं बॉनेट बघितलं. खळ वाळून त्याच्यावर पांढरी, चिकट खरबरीत साल धरली होती. ते धुतल्याशिवाय त्यावर रुमालसुद्धा टाकता आला नसता. मग ती त्या लाल गाडीपाशी गेली. तिच्या बॉनेटवर तळहात ठेवला. सपाट होतं, आणि रुंद. पुढं उतारही होता. ती शेजारी उभी राहिली आणि कमरेला कुठं येतं ते बघितलं.

"घोंगडं द्या इकडं," ती म्हणाली.

कोळसे पेटले. पहिले दोन डगले झाले. तिसऱ्याची पाठ निम्मी झाली होती, तेव्हा पलीकडच्या घरातून लाल गाडीचा मालक आला. किल्ली बोटावर फिरवत होता, ती खाली पडली.

"अहो! अहो बाई! ही माझी गाडी आहे!"

"हो का," मावशी मान वर न करता म्हणाली. "चालते का?"

"म्हणजे काय, चालते! नवीन आहे!"

"मग झालं. साहेबांनी सांगितलंय, चालणारी असली की इथं उभी राहायला हरकत नाही. थांबा जरा, बाही राहिलीय." तिनं कॅनमधल्या पाण्याचा शिपका मारला, इस्त्री उचलली, आणि ती खाली टेकवायच्या आधी त्याच्याकडं एक नजर टाकली. "आणि तुमचा तो शर्ट काढून ठेवा. असा घालून हिंडता होय?"